सोमवारपर्यंत सारिकाले सांगायचं होतं

...नाई रे ललित, ते खोडू नको. मी बोलते तसंच लिही, मास्तरासारखं शुद्ध करत बसू नको. हां, तर सारिकाचं सांगत होती मी. आपल्या समोरची सारिका रे, डाळ मिलमधल्या ज्ञानेश्वरची बायको. कोरोनाच्या त्या जानेवारीत ती रोज सकाळी दारात उभी दिसायची, एक पाय उंबऱ्याच्या आत, एक बाहेर, अन् हातात मोबाईल. शाळेच्या मोठ्या बाईंचा निरोप आला होता. पाचवीपासूनचे वर्ग उघडणार. पोरांले शाळेत पाठवता का घरीच मोबाईलवर शिकवायचं, सोमवारपर्यंत सांगा.

आता सारिकाले काही ठरवायले सांगणं म्हणजे तिचा जीव घेणं. गिलके घ्यायचे का दोडके, हे पण ती भाजीवाल्यालेच इचारायची, अन् त्यानं गिलके म्हटलं की दोडके घेऊन यायची. मुक्ताईनगरची पोर, सहा भावांत वाढलेली. घरात तिले कोणी कधी इचारलंच नाई, मग ठरवायची सवय लागणार कुठून?

अन् ठरवायचं तरी काय साधं होतं! तिची मयुरी सहावीत. कोरोनाच्या आधी ही पोरगी इतकी बोलायची की गल्ली म्हणायची, रेडिओ लागला. दहा महिने मोबाईलवर शाळा झाली अन् पोरगी मुकी झाली. तिकडून बाई हाका मारतात, "मयुरी, आहेस का? मयुरी?" अन् ही मोबाईलसमोर बसलेली, पण तोंड उघडत नाई. खाटेखाली जाऊन बसायची. जेवायले पण बोलवून आणावं लागे.

बोलायची ती एका आबांशी. उखर्डू आबा, सारिकाचे सासरे. त्यांचा जन्म पण डाळ मिलमध्येच गेला. धूळ खाऊन खाऊन छातीत जागा नव्हती राहिली. श्वास घेतला तर आपल्या ओट्यावर ऐकू यायचा. मयुरी त्यांले पेपर वाचून दाखवायची, पण माणसं मेल्याच्या बातम्या गाळून. आबा काय भोळे होते का! म्हणायचे, "आजकाल पेपर लई पातळ येतो वं, मयुरी."

म्हणजे बघ. शाळेत पाठवली अन् पोरीनं आजार घरात आणला, तर आबा हातचे जातील. नाई पाठवली, तर पोरगी हातची जाईल. सारिकाले ठरवून बाईंले सांगायचं होतं ते हेच.

ज्ञानेश्वरले इचारलं, तर तो म्हणे, "तू सांगशील तसं." धुळ्याले राहणाऱ्या आपल्या भावाले फोन लावला, तर तो तिकडच्या अहिराणीत म्हणे, "पोर घरमा शे ना, मंग कसानी चिंता?" मले इचारायले आली. मी म्हटलं, "बाई, मी शाळेची पायरी नाई चढली, मले काय इचारते?" तरी बसली माझ्यापाशी तासभर, लसूण सोलत.

शाळेच्या मोबाईलच्या गटावर तर नुसतं भांडण पेटलेलं. असोद्याचा रुपचंद म्हणून एक, त्याचा पोरगा मयुरीच्या वर्गात. त्यानं सगळ्यांले निरोप टाकला, "मोबाईलवर भांडून काही होत नाई. रविवारी शेतात या. मोकळी हवा आहे, लांब-लांब बसू, भरीत खाऊ अन् काय ते ठरवू." थंडीचे दिवस, असोद्याची वांगी. नाई कोण म्हणणार? आबांनी दहा महिन्यांत घर नव्हतं सोडलं. भरीताचं नाव ऐकलं अन् टोपी घालून तयार. सारिका म्हणे, "आबा, तुम्ही नका येऊ." आबा म्हणे, "मग पोरीची शाळा ठरवायची कोणी, वांग्यांनी?"

तिथे काय झालं ते सारिकानं मले जसंच्या तसं सांगितलं. आधी सगळे शहाण्यासारखे लांब बसले, तोंडाले मास्क. तिकडे कपाशीच्या काड्यांचा जाळ, वांगी भाजताहेत, मिरच्या ठेचताहेत. बोलणं सुरू झालं.

रतिलाल, सोन्याच्या दुकानातला कारागीर, तो म्हणे, "माझा पोरगा वरती शाळा लावतो अन् खाली गेम खेळतो. बाई विचारतात भागाकार, हा म्हणतो गोळी मार! उघडा बापा शाळा."

दिपमाला उसळली. ही सारिकाची जीवाभावाची मैत्रीण, दोघी पोरांले शाळेत सोडायले एकाच स्कूटीवर जायच्या. ती म्हणे, "रतिलालभाऊ, भागाकार पुढच्या वर्षी पण येईल. माणूस गेलं तर येतं का? माझा भाऊ गेला ऑगस्टमध्ये. मले तोंड पण नाई दाखवलं त्याचं."

मग रुपचंद हळूच म्हणे, "ताई, तुमचं खरं आहे. पण माझा पोरगा सहावीत जाऊन स्वतःचं नाव लिहायले अडतो, त्याचं मी काय करू?"

सारिका दिपमालाकडे बघे, तर तिचं खरं वाटे. रुपचंदकडे बघे, तर त्याचं खरं वाटे. तेवढ्यात भरीत झालं. अन् भरीत काय थंड खातात का? रुपचंदच्या बायकोनं हाक मारली तशी पंगत बसली, मांडीले मांडी लावून. मास्क हनुवटीले. एकाच परातीतून पुऱ्या, ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी, एकाच्या हातून दुसऱ्याच्या हातात. दिपमाला पण बसली, रतिलालच्या शेजारीच, अन् आबा पण. अन् तोंडात घास ठेवून निम्मे म्हणताहेत, नको बाई, पोरं एकत्र आली की आजार पसरतो.

सारिकाले खेळायले गेलेल्या पोरांची आठवण झाली. उठून केळीच्या बागेकडे गेली. तर सारा वर्ग ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत, एकमेकांच्या अंगावर लोळत, अन् मधोमध मयुरी. उभी राहून बाईंची नक्कल करत होती, "आवाज येतोय का? मुलांनो, माझा आवाज येतोय का?" पोरं हसून हसून पडत होती. दहा महिन्यांनी तिनं पोरीचा एवढा मोठा आवाज ऐकला. तिले रडू पण आलं अन् भीती पण वाटली. पोरीले ओढून खाली उतरवावं का तसंच राहू द्यावं, हे पण तिले कळेना. तशीच उभी राहिली बिचारी, उष्ट्या हातानं.

येताना रिक्षात मयुरी पुन्हा गप. मग आईच्या कानात म्हणे, "मी शाळेत गेली अन् आबांले झालं, तर माझ्यामुळे झालं म्हणशील का?"

सारिका म्हणे, "नाई म्हणणार." अन् सोमवारी तिनं बाईंले सांगून टाकलं, पाठवते. का पाठवते, ते तिले स्वतःले पण सांगता आलं नसतं. आबांची खाट बाहेर ओट्यावर काढली. पोरगी आली की आधी आंघोळ, कपडे गरम पाण्यात. पेपर वाचायचा तर अंगणातून, ओरडून. आम्ही सगळी गल्ली पेपर ऐकायची.

महिनाभर पण नसेल चालली शाळा. शहरात आजार पुन्हा वाढला अन् सरकारनंच कुलूप लावलं. एवढं भांडले, एवढं जागले, अन् ठरवलं भलत्यानंच. सारिकाले वाटलं, सुटली. अन् होळीच्या सुमाराले आबांले ताप आला.

सरकारी दवाखान्यात नळी लावून ठेवलं त्यांले. दिपमालाले कळलं, तसा तिचा फोन आला. "मी सांगत होती ना तुले? पाठव अजून शाळेत!" एवढंच बोलली अन् ठेवला. रागात नव्हती रे ती, तिले भाऊ आठवला असेल. पण सारिकाच्या काळजात बसलं ते.

आता सांग, शाळा तर कधीची बंद झालेली. आबांच्या आधी ज्ञानेश्वर आठ-दहा दिवस खोकत होता. इचारलं तर म्हणे, डाळीची धूळ आहे. मिलमध्ये शंभर माणसं. अन् मी पण जायची की आबांपाशी गप्पा मारायले! कोणाकडून आलं, कोण सांगणार? मी डॉक्टरले इचारलं, तो म्हणे, आई, हे कोणालेच नाई सांगता येत. मयुरीले मात्र कोणी काही बोललं नाई. सारिकानं बोलू दिलं नाई. ज्ञानेश्वरच्या बहिणीनं एकदा तोंड उघडलं, "पोरीले शाळेत धाडायची घाई..." तर ही कधी न बोलणारी सारिका म्हणे, "ठरवलं मी होतं. काय बोलायचं ते मले बोला." मी होती तिथे. दारात नाई, घराच्या मधोमध उभी होती ती.

आबा वाचले. पायऱ्या चढता येत नाई आता, पण जीभ चालते. दिपमाला मात्र त्याच उन्हाळ्यात नवऱ्याच्या बदलीनं धुळ्याले गेली, नंबर पण बदलला. सारिका अजून मधूनच मले इचारते, "अक्का, तेव्हा मी बरोबर केलं का चूक?" मी एकदा बरोबर म्हणते, एकदा चूक म्हणते. मले तरी काय कळतं?

म्हणून हे लिहून घे ललित, नीट लिही. हे वाचणारं कोणी धुळ्याचं असेल, अन् दिपमाला त्यांले भेटली, तर तिले एवढं सांगा बापा: उखर्डू आबा आहेत, मयुरी अकरावीत आहे अन् पुन्हा कोणाले बोलू देत नाई एवढी बोलते. सारिका तुझ्यावर रागावलेली नाई. कोणाचं खरं होतं ते तिले अजून कळलं नाई. तुले कळलं असेल, तर येऊन सांग म्हणावं.