कासवाला लावलेलं कुंकू

चार म्हातारी माणसं एका ठिकाणी कामाला लावा, काम सोडून बाकी सगळं होतं! अमेरिकेत चँडलरला पोरांकडे राहणारे आम्ही आठवड्यातून दोनदा कासव सेंटरला व्हॉलंटियर म्हणून जातो. माझी नात रिया तिथे नोकरीला. राक्षसी कासवांची पिल्लं वाढवून लांबच्या बेटावर परत सोडायची, हा तिचा प्रोजेक्ट.

*

पहिल्याच दिवशी शंभरी उलटलेलं कासव बघून आमच्यातले कुलकर्णी पाया पडायला वाकायला लागले. मी म्हटलं, "नमस्कार नका करू! त्याने 'माझ्याएवढा हो' असा आशीर्वाद दिला, तर तुमची सूनबाई अन्नपाणी सोडेल!"

रिया ओरडली, "आजोबा, स्टॉप इट!"

*

मग मी कुलकर्ण्यांना एका कासवावर पहारा द्यायला बसवलं. "पळून जातं हो!" बिचारे घड्याळ लावून दोन तास बसले.

"आप्पा, तीन फूट सरकलं!"

"म्हणजे तुमच्या ग्रीन कार्डापेक्षा फास्टच की!"

*

मागचे दोन सीझन सगळी अंडी फुकट गेली होती. यंदा अकरा आली. बॉस लिंडाबाईने सांगून टाकलं, "यातून एकही पिल्लू नाही आलं, तर प्रोजेक्ट बंद." रियाचं जेवण सुटलं.

आमच्यातल्या शोभाकाकूंना ते बघवेना. देवळात देवासमोरच्या कासवाला लावतो तसं त्यांनी अंडी घालणाऱ्या चारही माद्यांच्या पाठीवर कुंकू लावलं. आता त्या सेंटरमध्ये लाल ठिपका म्हणजे आजारी कासव! डॉक्टर बॅग घेऊन पळत आला. "एका दिवसात चारही?"

लिंडाबाई तापली. "काकू, नो पावडर! धिस इज सायन्स!"

"अगं, सायन्सला कोण नको म्हणतंय? त्याच्या शेजारी लावलंय."

*

दहा अंडी वाया गेली. अकराव्याला परवा सकाळी बारीकशी चीर दिसली. पिल्लू बाहेर यायला दिवस-दोन दिवस लागतात, मध्ये हात लावायचा नाही. रिया उबवणीपेटीच्या काचेला नाक लावून बसलेली.

लिंडाबाई हळूच काकूंजवळ आली. "काकू, ती रेड पावडर पर्समध्ये आहे?"

काकूंनी करंडा काढला. "अंड्याला लावू?"

"नो, नो! अंड्याला टच नाही करायचं!"

तिने एकदा दाराकडे बघितलं, हॅट काढली आणि कपाळ पुढे केलं.