मीटरवरचं शून्य

आज क्रांती चौकातल्या दवाखान्यात माझ्या बोटावरची चामखीळ काढायला डॉक्टरांनी द्रवरूप नायट्रोजनचा डबा उघडला. पांढरी वाफ टेबलावरून खाली सांडली आणि मला विद्यापीठातली आमची प्रयोगशाळा आठवली.

अतिवाहक, म्हणजे कडाक्याच्या थंडीत विजेला जराही न अडवणारा पदार्थ, आम्ही वर्षभर भट्टीत भाजून पाहत होतो. त्या दुपारी काळी वडी नायट्रोजनमध्ये उतरवली आणि मीटरवर शून्य आलं, म्हणजे विजेला अडथळा अजिबात नाही. मी लगेच देवगावला वडिलांना फोन लावला.

"आप्पा, जमलं!"

"व्हय? लई छान झालं, माय."

दोन महिन्यांनी निवृत्त होणारे आमचे सर मात्र म्हणाले, "वडी बाहेर काढ. तारा तपासू."

वडीला वीज पुरवणारी तारच सुटली होती. वीज जातच नव्हती, म्हणून शून्य.

"उद्या पुन्हा मोजू. आधी घरी फोन करून खरं सांग," असं म्हणत सरांनी वहीत लिहिलं, 'तार सुटलेली, मोजमाप रद्द.' मग ते स्वतःच सुटलेली तार पुन्हा जोडायला बसले.

तेव्हा मला त्यांचा भयंकर राग आला. खरं शून्य न बघताच ते निवृत्त झाले. ते शून्य माझ्यापेक्षा त्यांनाच जास्त हवं होतं, हे मला आज कळतं.