पाळण्यातला वरवंटा

आमच्या घरचा वरवंटा एका अंगानं झिजून चपटा झालाय आणि पाट्याच्या मधोमध त्याच्याच मापाचा खळगा पडलाय. सुना म्हणतात, नवा जोड घेऊ या, वडारणी दारावरून ओरडत जातात. मी म्हणते, घ्या आणि आपापल्या खोलीत ठेवा, माझ्या स्वयंपाकघरात हाच राहील. मग त्या एकमेकींकडे बघतात. बघू देत. म्हातारी खडूस आहे हे त्यांचं मत मला ठाऊक आहे आणि ते काही खोटं नाही. आमच्या ह्यांनी मला लिहायला शिकवलं म्हणून हे लिहून ठेवते आहे. माझं अक्षर सुनांना लागत नाही, ते एक बरं आहे.

हा जोड माझ्या सासूबाईंच्या सासूबाईंचा. त्या कल्याणच्या. आगगाडी व्हायच्या आधी खाडीनं मचव्यातून ठाण्याला आल्या, तेव्हा पाटा नि वरवंटा गोणपाटात बांधून बरोबर आणला. दागिने काय आणले होते ते आता कुणालाच आठवत नाही, मोडून खाल्ले असतील. दगड तेवढा राहिला. टेंभी नाक्याजवळच्या आमच्या घरात त्याच्यावर रोज वाटण होतं. खोबरं, मिरच्या, धने, आणि कोलशेतची कोळीण मासळी घेऊन आली की आलं-लसूण.

या वरवंट्याचं दुसरंही एक काम असतं. घरात मूल जन्मलं की पाचवीला पाट्या-वरवंट्याची पूजा होते. बाराव्या दिवशी, बारशाला, वरवंटा धुऊन, तेल लावून, कुंची-दुपट्यात गुंडाळून बाळाच्या आधी पाळण्यात घालतात. बायका त्याला पाळण्याच्या वरून-खालून एकमेकींकडे देतात, झोका देतात. दृष्ट लागायची असेल ती दगडाला लागू दे, म्हणून. मग त्याला काढायचं, बाळाला निजवायचं आणि आत्यानं त्याच्या कानात नाव सांगायचं. सकाळी ज्याला कुंची घातली त्याच्याखाली संध्याकाळी मिरच्या रगडतात, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. आमच्या घरची आणखी एक रीत अशी की पाचवीपासून बारशापर्यंत वरवंटा पाट्याला लावायचा नाही. तो कुंची घालून बाळंतिणीच्या पायथ्याशी ठेवायचा. तेवढे दिवस वाटण शेजारच्या काकूंच्या घरून यायचं.

मी लग्न होऊन आले त्या वर्षी नणंद पहिल्या बाळंतपणाला आली होती. तिच्या मुलाच्या बारशाला वरवंटा पाळण्यातून काढण्याआधी सासूबाई त्याच्यावर वाकल्या आणि तोंडातल्या तोंडात काहीतरी बोलल्या. मी विचारलं, काय म्हणालात? “गप्प बस,” एवढंच म्हणाल्या. मला वाटलं, मंत्र असेल एखादा.

मग माझी वेळ आली. मला सोळावं लागलं होतं. माझी आई माझ्या लहानपणीच गेलेली, म्हणून पहिलं बाळंतपण सासरीच झालं. मुलगी झाली. मुलगी झाली तर काय नाव, हे मी सातव्या महिन्यातच मनाशी ठरवून टाकलं होतं. कुणाला सांगितलं नव्हतं. नाव ठेवायचा मान आत्याचा, मी आधी तोंड उघडलं असतं तर आगाऊ ठरले असते. पाचवी नीट पार पडली. सासूबाईंनी वरवंट्याला स्वतः शिवलेली लाल कुंची घातली.

दहाव्या दिवशी मुलगी प्यायची थांबली. वैद्य येऊन गेले. सुईणीनं वेखंड उगाळून चाटवलं. अकराव्या दिवशी दुपारी ती गेली. मी रडले नाही. दाबून-बिबून ठेवलं असं नाही, रडू आलंच नाही. शेगडीत ओवा जळत होता, त्याचा धूर खोलीभर झाला होता, आणि मला वाटत होतं की कुणीतरी तो ओवा काढायला हवा. ह्यांनी तिला उपरण्यात घेतलं आणि मामंजींबरोबर, म्हणजे सासऱ्यांबरोबर, खाडीच्या अंगाला गेले. एवढ्या लहान मुलांना पुरतात. परत आले तेव्हा ह्यांच्या धोतराच्या काठाला चिखल होता. मी बराच वेळ तो चिखल बघत होते.

दुसऱ्या दिवशी बारसं व्हायचं होतं. पाळणा माळ्यावर गेला. दुपटी कुठे गेली ते मी विचारलं नाही. वरवंटा मात्र पायथ्याशी तसाच होता, लाल कुंचीत. सासूबाई तो न्यायला आल्या तेव्हा मी उठून बसले आणि त्याच्यावर हात ठेवला. तो पाट्यावर गेला की संपलं, मग या घरात काही घडलंच नव्हतं असं होईल, एवढंच माझ्या डोक्यात होतं. बाकी डोकं रिकामं. सासूबाई तोंडाच्या फटकळ, सगळी आळी त्यांना वचकून असायची. पण त्या काही न बोलता परत गेल्या.

आठ दिवस गेले, पंधरा गेले. बारशापर्यंत काकूंकडे वाटण मागणं ठीक होतं, आता काय म्हणून मागायचं? घरात मऊभात आणि वरण शिजायचं. मामंजींना कालवणाशिवाय घास उतरत नसे. ते ताट पुढे सरकवून उठायचे, बोलायचे मात्र नाहीत. कोळीण दारावर हाक द्यायची, आतून नको म्हणायचे, ती पाटी डोक्यावर घेऊन पुढे जायची. शेवटी ह्यांनी कचेरीतून येताना बाजारातून नवा वरवंटा आणला. माझी समजूत घालणं त्यांना जमलं नाही, दगड आणणं जमलं. तो नवा गोल वरवंटा आमच्या पाट्याच्या खळग्यात बसेना. नुसता खडखड करायचा आणि खोबरं भरड राहायचं. मी आतल्या खोलीत पडून ती खडखड ऐकायचे. वाईट वाटलं नाही, बरंही वाटलं नाही. आवाज होत होता, मी ऐकत होते.

असे दोन-तीन दिवस गेल्यावर एका दुपारी सासूबाई आत आल्या आणि बाजेच्या कडेला बसल्या. हाताला भरड खोबरं तसंच होतं. माझ्याकडे न बघता, कुंचीकडे बघत त्या बोलल्या.

“मला चार मुलं झाली. दोन जगली, ती तुला ठाऊक आहेत. दोन बारशाच्या आधीच गेली. दोन्ही वेळा मीही हा असाच धरून बसले होते. माझ्या सासूनं हिसकावून नेला.”

माझा हात कुंचीवर गेला.

“मी नाही हिसकावणार. वाटलं तर तुझ्या हातानं आणून दे, नाहीतर नको देऊस. आम्ही भरड खाऊ.” मग म्हणाल्या, “नाव ठरवलं होतंस?”

मी मान डोलावली.

“मीही ठरवली होती. ठेवायची राहिली. बारशाला वाकून या दगडाला तीच सांगते मी. कुणाच्या तरी कानावर असावीत.”

त्यांनी ती दोन्ही नावं मला सांगितली आणि माझं विचारलं. मी सांगितलं. पहिल्यांदाच ते नाव माझ्या तोंडातून बाहेर आलं. त्यांनी ते एकदा म्हणून पाहिलं, बरोबर म्हटलं ना असं विचारलं आणि उठून कामाला गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारावर कोळणीची हाक आली आणि मी उठले. कुंचीचे बंद सोडले. दगडावरचं तेल वाळून चिकट झालं होतं, त्याला दोन लाल धागे चिकटले होते. ते मी नखानं काढले, वरवंटा धुतला आणि पाट्यावर ठेवला. तो खळग्यात बसला. सव्वा महिन्याच्या आत बाळंतिणीनं पाट्याला बसायचं नसतं, पण त्या दिवशी मला कुणी अडवलं नाही. मी कोळंबीचं वाटण वाटलं. मामंजी दोनदा भात मागून घेऊन जेवले. मला त्यांचा असा संताप आला की सांगता सोय नाही. इतक्या दिवसांत मला काही म्हणून वाटलं असेल तर तो संताप, आणि तोही कोळंबीच्या कालवणावरून.

पुढे मला तीन मुलं झाली, तिन्ही जगली. प्रत्येकाच्या आधी वरवंटा पाळण्यात गेला आणि सासूबाई त्याच्यावर वाकल्या. त्या गेल्यावर ते काम माझ्याकडे आलं. परवा नातवाचं बारसं झालं. कुंची नवी होती, बायकांचा गलका नेहमीसारखा होता. वरवंटा काढण्याआधी मी वाकले आणि तिन्ही नावं सांगितली, त्यांची दोन आणि माझं एक. सांगताना मला काही होत नाही, खोटं कशाला बोलू? पाढे म्हणावेत तशी म्हणते. पण क्रम चुकत नाही.

सून शेजारीच उभी होती. तिनं विचारलं, “काय म्हणालात?”

“गप्प बस,” मी म्हटलं. हे तिला सांगायची वेळ माझ्यावर कधी येऊ नये.