हिरव्या तेलाचे कूळ

राजूरच्या त्या हिरव्या तेलाची आठवण आली की आजही मी थक्क होतो.

चतुर्थीची गर्दी होती. ठाण्यात माझ्या खबऱ्याचा फोन आला, "साहेब, मंदिराजवळच्या दुकानात गांजाचं तेल इकून राह्यले. बाटलीवर पानच छापलंय."

पंचांना घेऊन आम्ही छापा घातला. बाटल्यांवर 'भांगबियांचे शुद्ध तेल' असे लिहिलेले. नुसत्या बियांचे तेल हा गुन्हा नाही. पण त्यात पाला-बोंडे मिसळलेली निघाली असती, तर दुकानदार वर्षानुवर्षे आत गेला असता. नमुने सीलबंद करून प्रयोगशाळेकडे पाठवले आणि त्याला चौकशीला बसवले.

"माल कुठला?"

"पहाडातला, साहेब. बिलकुल अस्सल."

"पुरवतो कोण?"

"आठवत न्हाई."

खोटे बोलणारे मी ढिगाने पाहिलेत, पण ते स्वतःला सोडवायला बोलतात. हा गडी स्वतःला अडकवत होता. ठाण्याबाहेर लिंबाखाली त्याची बायको बसलेली. "यांनी कधी बिडीबी ओढली न्हाई, साहेब," एवढेच ती म्हणे.

राहवेना, म्हणून मी स्वतः प्रयोगशाळेत गेलो. तिथल्या रसायनतज्ज्ञ बाईंनी पडद्यावर एक चढउतारांची रेघ दाखवली.

"यात नशेचं काही नाही. पण हे भांगबियांचं तेलही नाही. अळशीत असतं ते आम्ल त्यात भरपूर हवं, इथे नावापुरतं आहे. आणि हा बारीक उंचवटा बघा. हे कापूस-भेंडीच्या कुळाचं लक्षण. हिरवा रंग वरून घातलाय."

ना बी शिल्लक, ना टरफल, आणि बाई थेंबभर तेलाचे कूळ सांगत होत्या! माझ्या अंगावर काटा आला.

परतताना हसनाबादजवळ एका बांधावर बाटलीवरच्यासारखेच पान हलताना दिसले. अंबाडी! तीही कापूस-भेंडीच्याच कुळातली. गाडी थांबवून डहाळी तोडली आणि ठाण्यात त्याच्यासमोर ठेवली.

त्याचा चेहरा उतरला. "मेव्हण्याच्या घाण्यावरचं अंबाडीचं तेल हाय, साहेब."

"अरे, मग आधी का नाही बोललास? तुरुंगात गेला असतास!"

"ज्यांच्या बांधावर अंबाडी हाय, त्यांलाच ती बाटलीत भरून इकली. सारं राजूर हसंल. मंग दुकानात बसू कसं?"

गुन्हा फसवणुकीचा नोंदवला. माणूस बेड्यांपेक्षा लोकांच्या हसण्याला जास्त भितो, हे मला त्या प्रकरणाने शिकवले.

बाहेर येऊन मी त्याच्या बायकोला सांगितले, गांजा नाही, अंबाडी आहे. ती आत त्याला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने हसली, आणि हसता हसता पदराने डोळे पुसू लागली.