लूपच्या टोकावर ऐकू आलेलं ‘पुरे’

भूत-प्रेत, नवस, दृष्ट... आमच्या नागपूरच्या बौद्ध घरात यातलं काहीच चालत नव्हतं. मी आजही मानत नाही. तरी लिहितोय, कारण हे माझ्याच बाबतीत घडलं.

मी अमेरिकेत, मिशिगनमधल्या नोव्हाय गावात राहतो, गाड्यांचे ब्रेक डिझाइन करतो. धाकटी बहीण प्रज्ञा इथे शिकायला आली, नोकरीला लागली आणि वीकेंडला छोट्या विमानातून कसरती करायला लागली. जमिनीलगत उडायची परवानगी तिने कैक वर्षं घासून मिळवली. गेल्या उन्हाळ्यात जवळच्या एका एअरफील्डवर तिचा पहिला शो होता. मी आणि माझी बायको शीतल कुंपणाशी उभे. भर दुपार, भयंकर ऊन.

शेवटचा आयटम लूप, म्हणजे हवेत उभं गोल वर्तुळ. विमान सरळ वर चढलं, टोकाला उलटं झालं. आता तिथून नाक खाली करून ती जमिनीकडे येणार... आणि माझ्या तोंडून हळूच निघालं, "पुरे, प्रज्ञा." का, ते माहीत नाही. विमानातलं मला काही कळत नाही. शीतलने विचारलंसुद्धा, काय पुरे?

तेवढ्यात विमान वरच्या वर सुलटं झालं आणि सरळ निघून गेलं. लूप अर्धाच. लोकांनी टाळ्या वाजवल्या — त्यांना वाटलं, असंच असतं.

उतरल्यावर ती घामाने निथळत होती. मला बाजूला घेऊन म्हणाली, "दादा, तू रेडिओवर कसा आलास?"

माझ्याकडे रेडिओ नव्हताच. पण हेडसेटमध्ये तिने माझा आवाज स्वच्छ ऐकला होता, म्हणून उंचीच्या काट्याकडे पाहिलं. गरम हवेत विमान नेहमीपेक्षा कमी चढलं होतं, तिच्या लक्षातच आलं नव्हतं. खाली वळली असती तर सावरायला जागा उरली नसती.

नंतर शोच्या रेडिओचं रेकॉर्डिंग मागून ऐकलं. त्या क्षणी नुसती खरखर.

संध्याकाळी सगळ्या पायलट्ससमोर उभं राहून तिने आपला अंदाज कुठे चुकला ते सांगितलं. एक म्हातारा पायलट मला म्हणाला, लोक बघत असताना लूप अर्धा सोडणं सगळ्यात अवघड. त्याच्या मित्राला ते जमलं नव्हतं. माझा ऊर भरून आला, यार. आमच्या घरातली पोरगी!

भास म्हणावा, तर शब्द माझे आणि ऐकले तिने... स्पष्टीकरण आजही नाही. बहीण मात्र आहे — आणि येत्या रविवारी परत उडणार आहे.