शिडाच्या ओट्या

सरक इकडं, पोरी, आणि आधी थोडं रागवून घेऊ दे. दिवाळीला आली नाहीस, उन्हाळ्यात आली नाहीस, आणि परवा फोनवर सहज विचारलंस, "मोठीआई, बाबांची होडी शेवटी कोणी घेतली?" असं फोनवर विचारतात काय? गॅसवर दूध आहे म्हणून मी फोन ठेवला. दूध नव्हतं. म्हणून आता लिहायला बसले, तू समोर बसली आहेस असं धरून.

तुझे बाबा, म्हणजे माझे धाकटे दीर, नौदलातून घरी आले ते ट्रकवर होडी घालूनच. उमरखेडच्या बाजूला आपलं गाव, समुद्र कोणी पाहिलेला नाही. सगळा गाव गोठ्यापाशी गोळा झाला. मी म्हटलं, "भाऊजी, इथं बैलाले पाणी पुरत नाही, हे कोठी चालवान?"

"धरणात, वयनी. शर्यतीची हाय ते. वारा लागला का घोडीसारखी पळते."

जुनी होती, पण अंगानं इतकी हलकी की दोन माणसं उचलत. शीड मात्र नवं, पांढरं, वर निळा नंबर. लांब पिशवीत गुंडाळून ते माळ्यावर ठेवलं.

मग कापसाचे ते वाईट दिवस आले. भाव नाही म्हणून लोक कापूस विकत नव्हते, घरात भरत होते. आपल्या पुढच्या खोलीत छतापर्यंत कापूस. लेकरं त्याच्यावरच झोपायची आणि अंग खाजवत उठायची. त्या वर्षी वेचणीच्या बायांना ओट्या द्यायला घरात धड लुगडंही उरलं नव्हतं. ओटी म्हणजे कमरेला बांधायची कापडाची झोळी, कापूस वेचून तिच्यात टाकतात. जुन्या ओट्या पऱ्हाटीच्या काड्यांत अडकून फाटायच्या. तुझे बाबा पेन्शनच्या कामासाठी मुंबईला गेले होते. मी माळ्यावर चढले, पिशवी खाली ओढली आणि कात्री चालवली. सात ओट्या निघाल्या. कापड असं करकर वाजत कापलं गेलं, तो आवाज अजून कानात आहे.

बाया खूश. "बाई, याले काडी चिकटत नाही, कचरा चिकटत नाही. लय भारी कापड हाय."

पंधरा दिवसांनी तुझे बाबा परत आले. तुझ्या ताईला नर्सिंगला जायचं होतं आणि घरात तर फक्त कापूस होता. ते म्हणाले, "होडी विकतो." पेपरात द्यायला एका कागदावर त्यांनी मजकूर लिहिला आणि मला वाचून दाखवला: "विकणे आहे. शर्यतीची शिडाची होडी, वापरलेली. शीड नवे, दोनच शर्यतींचे." मग विचारलं, "बराबर हाय ना, वयनी?"

मी तांदूळ निवडत होते. म्हटलं, "बराबर हाय."

तिथंच सांगायचं होतं, पोरी. तोंडाशी आलं होतं. पण ते त्या कागदाकडं इतक्या आशेनं बघत होते की मी मान खाली घालून खडे शोधत राहिले.

महिन्याभरात पुण्याहून एक मुलगी आली. शर्यती खेळायची, हाताला घट्टे. होडीच्या अंगावरून तिनं हात फिरवला आणि हसली. "मस्त ठेवलीय, काका. शीड बघू?"

"वयनी, माळ्यावरची पिशवी द्या बरं."

मी जागची हलले नाही. तेवढ्यात वेचणीच्या बाया काट्यावर कापूस मोजून द्यायला अंगणात आल्या. पहिलीच्या पोटावर निळा नंबर. मुलीनं तो पाहिला, मग होडीवरचा नंबर पाहिला. ती बाई आपली कौतुकानं ओटी पसरून दाखवते आहे, "मालकीणबाईनं देल्ली."

तुझे बाबा माझ्याकडं वळले. मी म्हटलं, "मले काय मालूम, भाऊजी. मले वाटलं तंबूचं पाल हाय."

ते त्या मुलीला म्हणाले, "चुकी माही हाय. मी सांगून ठेवाले पायजे होतं."

मुलगी चहा पिऊन गेली. होडी पुढं धरणावरच्या मासेमारांनी नेली. त्यांनी वल्ही लावून पाहिलं, पण ती सारखी कलंडायची, म्हणून काठावर पालथी पडून राहिली. ताईचं नर्सिंग एक वर्ष लांबलं. तुझे बाबा धरणाकडं पुन्हा गेले नाहीत, आणि मला एका शब्दानं बोलले नाहीत.

आता खरं सांगते. होडी आली त्या वर्षी त्यांनी मला धरणावर नेलं होतं. "बसा वयनी, भेता कायले," म्हणत शिडाची दोरी माझ्या हातात दिली. शीड फुगलं, होडी पळाली आणि मी पदर तोंडाशी धरून हसत सुटले. ज्या बाईनं ती दोरी धरली, तिला ते कापड ओळखू येणार नाही? मला माहीत होतं. कापताना माहीत होतं, तांदूळ निवडताना माहीत होतं.

नंबरवाली ओटी धुऊन ट्रंकेत ठेवली आहे. तुझ्याकडं राहायला गेल्यापासून तुझ्या बाबांचे गुडघे धड नाहीत, माझे डोळे धड नाहीत. हे त्यांना तुझ्याकडून कळू नये, मला समोर बसून सांगायचं आहे. तूर सोंगायच्या आधी त्यांना घेऊन ये, पोरी. या रविवारी जमलं तर रविवारीच ये.