नेरळची तुळा

माणसाची खरी योग्यता तो घोड्यावर बसल्यावर कळते, असं मी तरुणपणी फार गंभीरपणे मानत असे. इतिहासाच्या पुस्तकांतली सगळी थोर माणसं घोड्यावर होती, आणि पायी चालणाऱ्यांची नावं कुणी लिहून ठेवली नव्हती. पुढे नेरळच्या शाळेत मास्तर म्हणून गेलो आणि एका घोडेवाल्याच्या आवारात खोली घेऊन राहिलो. तिथं लक्षात आलं, की घोड्यावर बसल्यावर माणसाचं फक्त वजन कळतं, आणि तेही घोड्याला.

माथेरानला जाणारी छोटी गाडी तेव्हा झालेली नव्हती. मुंबईची मंडळी नेरळला उतरून तट्टू करत, किंवा चार माणसांनी खांद्यावर न्यायच्या खुर्चीत बसून डोंगर चढत. उन्हाळ्यात मला सुट्टी आणि घोडेवाल्याला हंगाम, त्यामुळे मी पडवीत वाचत बसे आणि वाचता वाचता समोरची वर्दळ बघे. पुस्तक बहुधा हरत असे.

घोडेवाल्याला सगळे दादा म्हणत. माणूस बोलघेवडा, आणि स्वतःबद्दल त्याचं मत चांगलं होतं. आगगाडीतून उतरणाऱ्याचा पाय फलाटावर कसा पडतो यावरून आपण त्याचं वजन सांगतो, असं तो सांगे. आदल्या साली एक किडकिडीत चेहऱ्याचे वकील आले. दादानं त्यांना आपल्या पांढऱ्या घोडीवर बसवलं. वकिलांचा किडकिडीतपणा चेहऱ्यापुरताच होता, बाकीचा ऐवज लांब कोटाखाली होता. घोडी परत आली ती पाठ सोलवटून. सबंध हंगाम ती हळद आणि कडुनिंबाचं तेल लावून उभी राहिली.

ही घोडी दादानं शिंगरू असल्यापासून वाढवलेली. दिसायला देखणी, अंगानं लहानखुरी. पांढरी असल्यामुळे ज्याला त्याला तीच हवी असे. पुन्हा त्याच जागी सोललं तर हिच्या पाठीवर खोगीर कधीच चढायचं नाही, हे दादा ओळखून होता. तेव्हापासून तो फलाटावरच्या पायांबद्दल बोलेनासा झाला.

नव्या हंगामात त्यानं भात जोखायचा मोठा काटा आणून आवारातल्या चिंचेला टांगला. एका पारड्यात माणसानं बसायचं. दुसऱ्यात घोडीला झेपेल एवढा हरभरा भरलेलं पोतं. पोतं वर उचललं गेलं, तर घोडी मिळायची नाही.

साहेब लोकांना यात काही वावगं वाटलं नाही. ते हसत बसत, आपसात पैजा लावत. अडचण आपल्या माणसांची होती. "मी काय सुक्या मिरच्या आहे?" असं एका बाईंनी विचारलं. कुणाला दृष्ट लागायची भीती वाटे. शेवटी दादा माझ्या पडवीत आला.

"मास्तर, एवढं वाचता तुमी. काट्याला जरा भारी शब्द नाय का?"

"तुळा म्हण," मी थट्टेनं म्हटलं. "पूर्वी राजे बसायचे. एका पारड्यात राजा, दुसऱ्यात सोनं."

"मग सोन्याचं काय करायचे?"

"वाटून टाकायचे."

हे शेवटचं त्यानं ऐकलं नसावं. दुसऱ्या दिवसापासून तो प्रत्येकाला सांगू लागला, की तुळा करून वर जायची हितली रीत हाय. मिरच्यांवाल्या बाईंसारखी माणसं निमूटपणे, किंबहुना थोडी सावरून, पारड्यात बसू लागली.

अशात एक रावसाहेब आले. पदवी नवी होती, त्यामुळे तिची काळजी घेणं चालू होतं. वर माथेरानला स्नेहीमंडळी हार घेऊन थांबली होती. रावसाहेबांनी उतरल्याबरोबर घोडीकडे छडी केली.

"ती पांढरी."

दादानं त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं. पाहायला वेळ लागला.

"ती नाजूक हाय, रावसाहेब. तुमाला तांबडा देतो."

तांबडा म्हणजे हाडापेरानं दांडगा, खालचा ओठ लोंबणारा घोडा. माथेरानच्या अर्ध्या दगडविटा त्यानंच वर नेल्या असाव्यात, असा त्याचा चेहरा होता.

"माझं वजन काय आहे ते मुंबईत जाऊन विचार," रावसाहेब म्हणाले.

"मुंबईचं मुंबईत, रावसाहेब. मला हितलं पायजे. आदी तुळा करू."

रावसाहेब थांबले. "तुळा?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं. धोतर आणि पुस्तक दिसल्यामुळे मी त्या कामावर नेमलेला भटजी आहे, अशी त्यांची समजूत झाली असावी. मी मान डोलावली. ती खोटी नव्हती, फक्त अपुरी होती.

त्यांनी जोडे काढले आणि पूर्व कुठली ते विचारलं. पारडं पश्चिमेकडे तोंड करून होतं, ते दोघांनी धरून फिरवलं. रावसाहेब डोळे मिटून बसले. बसल्याक्षणी पोतं फांदीला लागलं.

दादानं घरातून हरभऱ्याचं दुसरं पोतं आणवलं आणि सुपानं ओतायला लागला. भोवती खुर्ची वाहणारे ठाकूर, मोतद्दार आणि शेजारीपाजारी जमले.

"अजून टाक रं."

"फांदी बघ गं बाय, कशी करकरती."

"दादा, चिंच तुझी हाय का सरकारची?"

खुर्चीवाले सुरुवातीला हसत होते. मग तांबडा आवडला नाही तर माणूस खुर्ची मागतो, हे एकाच्या ध्यानात आलं. त्यानं शेजाऱ्याला कोपर मारलं, आणि सूप दर वेळी रिकामं झालं की एकेक जण उठून झाडामागे जाऊ लागला.

रावसाहेबांना मात्र दर सुपाबरोबर आनंद होत होता. दांडी समतोल झाली तेव्हा त्यांनी डोळे उघडले, समोरचा ढीग पाहिला आणि घोडीकडे पाहिलं.

"ही आम्हांला लहान पडेल," ते म्हणाले.

"तेच म्हनतो मी," दादा म्हणाला. त्याच्या जिवावरचं ओझं उतरलं होतं, हे मला पडवीतून दिसलं.

तेवढ्यात रावसाहेबांनी हरभऱ्यावर हात ठेवला आणि भारदस्त आवाजात म्हणाले, "हे सर्व दान."

दादाचा हात सुपातच राहिला. तो सबंध हंगामाचा घोड्यांचा दाणा होता. शेजारच्या बायकांनी पदर पुढे केले, मोतद्दारांनी डोकीचे रुमाल सोडले.

"मास्तर," दादा खालच्या आवाजात म्हणाला, "शब्द तुमचा होता. आता निस्तरा तुमीच."

मी पुढे झालो आणि दान मी घेतो म्हणालो. तुळेचं दान घेणाऱ्याकडे देणाऱ्याची पापं येतात असं शास्त्रात आहे. पण रावसाहेबांची नोकरी महसूल खात्यात झालेली, म्हणजे ती पापं पुष्कळांत आधीच वाटली गेली असणार, असा मी विचार केला. हरभरा माझ्या खोलीत गेला. संध्याकाळी भिंतीपलीकडे तबेल्यात परतला. बायका माझ्याशी बरेच दिवस बोलल्या नाहीत.

रावसाहेब तांबड्यावरून डोंगर चढले. पांढऱ्या घोडीवर त्यांचा सडपातळ स्वयंपाकी बसला, खाण्याचे डबे मागून हमालांच्या डोक्यावर गेले. घोडी संध्याकाळी उतरली तेव्हा दादानं खोगीर काढून तिच्या पाठीवरून दोनदा हात फिरवला. कातडी साफ होती. त्यानं मला हाक मारून ती दाखवली, जशी काही मीच ती राखली होती.

चार दिवसांनी रावसाहेब पायी खाली आले. तांबडा मागून मोकळा येत होता. त्याची चाल आखूड होती आणि पाठ रुंद. त्यात रावसाहेब पुष्कळ वर्षांनी घोड्यावर बसले होते. स्टेशनमास्तरांनी फलाटावर आपली खुर्ची आणून ठेवली. पदवी मिळूनही माणूस किती साधा, म्हणून लोक कौतुकानं बघत होते. गाडी येईपर्यंत रावसाहेब उभे राहिले, आणि गाडी आल्यावर डब्यातही उभेच राहिले.